कंगव्याच्या कचेरीवरचं मोहोळ

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. एसटीनं त्या गावावरून जाताना खिडकीतून कचेरी दिसली की मान आपोआप वर होते आणि नजर थेट गच्चीखालच्या छज्ज्याकडे जाते.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. खटला अजून न्यायालयात आहे, आणि त्यातली माणसं आजही रोज एकमेकांच्या समोर येतात.

ही तहसील कचेरी माझ्याच वयाची असेल. ना घुमट, ना कमान, ना नक्षी. सरळसोट काँक्रीट. खाली गोल खांबांवर उचललेला मोकळा पोर्च, वर दोन मजले आणि पश्चिमेच्या बाजूला ऊन अडवण्यासाठी वरपासून खालपर्यंत काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या. दुरून पाहिलं तर कंगवा उभा करून ठेवल्यासारखी दिसते, म्हणून सगळा तालुका तिला कंगव्याची कचेरी म्हणतो. बदलून आलेले साहेब लोक तिला नावं ठेवायचे. मला ती आवडायची. बाहेर डांबर वितळत असताना त्या पट्ट्यांच्या आड बसून माणूस घाम न पुसता अर्ज लिहू शकायचा. ज्यानं कोणी ती बांधली, त्याला आमच्याकडचं ऊन ठाऊक होतं.

पण कचेरी अपुरी पडत होती. गच्ची गळत होती, खांबांचं प्लास्टर सुटून आतल्या सळया दिसू लागल्या होत्या. म्हणून जुन्या इमारतीची दुरुस्ती आणि शेजारी नवी विंग असं काम मंजूर झालं. त्या विंगचा जिना आणि लिफ्ट येणार होते पोर्चच्या एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात एक चहावाला वर्षानुवर्षं टपरी लावून होता. तोंडानं फटकळ. तहसीलच्या कामाला आलेला माणूस आधी त्याच्याकडे चहा प्यायचा, मग खिडकीवर जायचा, आणि काम झालं नाही तर परत त्याच्याकडेच येऊन शिव्या घालायचा.

आखणी करायला अभियंता आला तेव्हा चहावाल्यानं पाचपन्नास लोकांदेखत आवाज चढवला. "माह्या टपरीले हात लावून पाहा! मंग पाहतो तुमचं भूमिपूजन कसं होते ते!"

हे वाक्य पुढे त्याच्या गळ्याशी आलं.

भूमिपूजन चैत्रात होतं, एका सोमवारी सकाळी. पश्चिमेच्या अंगणात मांडव, खुर्च्या, कुदळीला बांधलेली झेंडूची माळ. बंदोबस्ताला मी स्वतः हजर होतो. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते वेशीवर पोचल्याचा फोन आला तशी कोणीतरी ताशेवाल्यांना खूण केली. ताशे वाजले, आणि वरून काळा धूर उतरावा तशा आग्या माशा खाली आल्या.

ज्यांनी आग्या मोहोळ उठलेलं पाहिलं आहे त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. खुर्च्या उडाल्या, मांडव बसला. पुजारी पंचायत समितीच्या जीपखाली शिरला. पाहुण्यांची गाडी बाहेरच्या बाहेर वळली. जी माणसं पळू शकत होती ती पळाली. कचेरीचा शिपाई पळू शकला नाही. त्याचा गुडघा आखडलेला होता. कुदळीजवळच तो पडला आणि माशांनी त्याला झाकून टाकलं.

त्याच्या अंगावर चहाच्या टपरीची ताडपत्री कोणीतरी टाकलेली मी पाहिली. कोणी टाकली ते त्या धांदलीत दिसलं नाही.

शिपायाला बेशुद्ध अवस्थेत अकोल्याला हलवलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं काम करत नाहीत, काही सांगता येत नाही.

दुपारी ठेकेदाराचा सुपरवायझर तक्रार घेऊन ठाण्यात हजर. नीटनेटका माणूस, बाहेरच्या जिल्ह्यातला, बोलणं मऊ. "सर, हा घातपात आहे. चहावाल्यानं गुलेलीनं मोहोळावर दगड मारला. सकाळी त्याच्या हातात गुलेल होती. विचारा कोणालाही."

विचारलं. दहा जणांनी गुलेल पाहिली होती. टपरीत ती सापडलीही. पंचांसमक्ष जप्त केली, कागदी लेबल बांधून, सील लावून मुद्देमालात जमा झाली. सर्वांसमोर दिलेली धमकी होती, हत्यार होतं, कारण होतं. गुन्हा दाखल झाला आणि संध्याकाळी चहावाल्याला अटक झाली. शिपाई दगावला असता तर कलम वाढून मनुष्यवधाचं झालं असतं, आणि चहावाला कित्येक वर्षं बाहेर आला नसता.

वरून फोन आला. "आरोपी मिळाला ना? मग लवकर दोषारोपपत्र पाठवा." मी "होय सर" म्हटलं. नोकरीत "होय सर" म्हणायचं असतं आणि तपास आपल्या गतीनं करायचा असतो.

आरोपीला समोर बसवलं. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले.

"काहून मारला दगड?" मी विचारलं.

"मारला असता तं सांगतलं असतं साहेब. माह्यं तोंड कोनाच्या बापाले भेत नाई."

"गुलेल कायले ठेवतो मंग?"

"माकडाईसाठी. येक मोठं लालतोंडं हाये, बिस्किटाचा पुडा फोडत नाई, अख्खा घेऊन जाते. वरून कंगव्यात बसून मले दाखवू दाखवू खाते."

लिहून घेणारा हवालदार हसला. मी हसलो नाही, पण त्याला शर्ट काढायला सांगितला. आरोपीची वैद्यकीय तपासणी झालेली होती, तरी मला स्वतः पाहायचं होतं. पाठ, मान, दंड, सगळीकडे नांग्यांच्या गाठी. पोटावर, छातीवर जवळपास काही नाही.

"पाठीवरच एवढ्या कशा?"

तो शर्ट परत अंगात घालू लागला. मग म्हणाला, "वाकलो होतो."

"कुठी?"

"शिपाईबुवाच्या अंगावर. ताडपत्री उडून राह्यली होती, कोनी धरायले नव्हतं."

मी एवढ्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. ज्यानं आग लावली तो आगीजवळ सगळ्यात आधी पोचत नाही. तो लांब उभा राहून, आग कशी लागली असेल ते लोकांना समजावून सांगत असतो. पण पोलिसाला वाटणं हा पुरावा नव्हे. मी पंच घेऊन कचेरीवर गेलो.

मोहोळ गच्चीच्या छज्ज्याखाली, पट्ट्या आणि भिंत यांच्या मधल्या पोकळीत होतं. आता तिथे नुसता पोळ्याचा काळपट अर्धगोल उरला होता. मी टपरीच्या जागेवर उभा राहिलो. वर पाहिलं तर पट्ट्यांशिवाय काही दिसेना. माझ्या पोलिसांपैकी एकजण लहानपणी गुलेलीत पटाईत होता. त्याला दुसरी गुलेल देऊन नेम धरायला लावलं. टपरीवरून, अंगणातून, मांडवाच्या जागेवरून. खडे टण टण पट्ट्यांवर आपटून परत येत. बघ्यांची गर्दी जमली. एक म्हातारा ओरडला, "अबे, पगार घेते का फुकट? आमच्या वावरातले पोट्टे बरे!" पोलीस बिचारा लाल झाला. पण एकही खडा आत गेला नाही, आणि ते पंचनाम्यात आलं. कंगव्यानं ऊन अडवलं होतं तसेच खडेही अडवले.

मग मोहोळाला हात लागला कुठून? वरून. गच्चीवरून.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. सुपरवायझर म्हणाला, किल्ली शिपायाकडे असते. शिपाई बेशुद्ध. मी कुलूप तोडून घेतलं. कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मधल्या मजल्याचा छज्जा चांगला हातभर रुंद, आणि त्यावर मेलेल्या माशांचा थर पडला होता. उठलेल्या मोहोळातल्या माशा माणसांना चावून इकडे तिकडे मरतात, हे ठीक. पण या जागच्या जागी मेल्या होत्या, पोळ्याच्या अगदी खाली.

दोरी बांधून आमचा एक जवान छज्ज्यावर उतरला. "साहेब, मुंग्या बी हायेत."

"असतीलच. मेलेल्या माशा खायला येणारच."

"तसं नाई साहेब. मुंग्या बी मेल्या हायेत."

मी कठड्याच्या बाहेरच्या अंगाला नाक लावलं. उन्हानं बराचसा वास उडाला होता, पण उरला तेवढा मला पुरेसा होता. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. पण कॉलेजच्या सुट्ट्या पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या ओळींत काढल्या आहेत. तो वास मी झोपेतही ओळखला असता. कोणीतरी मोहोळावर बोंडअळीचं औषध मारलं होतं.

माशांचे, मुंग्यांचे, कठड्याच्या पुसणीचे नमुने घेऊन अमरावतीच्या प्रयोगशाळेला रवाना केले. पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि कोठडीची मुदत तेवढी नसते. फवारणी कोणी केली? घरात पंप नाही असा शेतकरी आमच्या भागात शोधावा लागेल. शिरपूरपासून मानोऱ्यापर्यंत सगळ्यांना बोलावणार का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी टेबलाशी बसलो होतो. हवालदार मंगरूळपीरच्या दवाखान्यातल्या पोलीस चौकीशी फोनवर बोलत होता. विषबाधेचा रुग्ण कुठल्याही दवाखान्यात आला की पोलिसांना कळवावं लागतं, आणि ज्या ठाण्याच्या हद्दीतला तो असतो त्यांनी त्याचा जबाब घ्यायचा असतो. हंगामात असे फोन इतके येतात की आमचा हवालदार मान न उचलता बोलतो.

"हाव, हाव. फवारनीची विषबाधा. आमच्याच हद्दीतला. पाठवतो मानूस."

त्यानं फोन ठेवला आणि पुढचं काम ओढलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाई साहेब, फवारनीचं प्रकरन. जबाब घेऊन येऊ दोन दिवसांत."

"महिना कोणता चालू आहे?"

"एप्रिल."

"एप्रिलमध्ये कोरडवाहू वावरात कोण फवारतं?"

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं आणि जीपची किल्ली उचलली.

माणूस चाळिशीचा. इमारतीच्या कामावर मजुरीला जाणारा, थोडीशी कोरडवाहू जमीन असलेला. सलाईन लागलेलं, डोळे अजून पाणावलेले. त्याची बायको उशाशी बसून होती. तिला वाटलं विमा किंवा अनुदानाचं कोणी आलं आहे.

"वावरात फवारत होते साहेब," ती पटकन बोलली. कोणीतरी पढवलं होतं ते कळत होतं.

"वावरात काय उभं आहे?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे पाहू लागला. मग ती आपल्याच बोलण्यावर चिडल्यासारखी म्हणाली, "ढेकळं हायेत साहेब. आता ढेकळाईले कोन फवारते? मी याईले तवाच म्हनलं होतं, कोनी ऐकनार नाई म्हून."

आमचा हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी स्टूल ओढून बसलो. दमदाटी करायची गरज नव्हती. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला दम दिला तर तो घाबरून आणखी खोटं बोलतो. मी फक्त गावची खबर सांगितली. शिपाई अकोल्याला आहे, वाचेल की नाही ते माहीत नाही. आणि चहावाला कोठडीत आहे.

तो उठून बसायला लागला. "कोन? आपला चहावाला? त्याचा काय संबंध?"

"त्यानं मोहोळ उठवलं म्हणतात."

"त्यानं कायचं उठवलं! रोज सकाळी त्याच्या हातचा चहा पेतो मी. सोडा त्याले साहेब. मी मारलं औषध."

पुढचं सगळं एका दमात बाहेर आलं. पाहुणे येणार म्हणून वरून सांगणं होतं की मोहोळ हटवा. सुपरवायझरनं मोहोळ काढणारे बोलावले. ते पाहून गेले आणि म्हणाले, चांदणं आहे, अंधारी येऊ द्या, मग काढू. अंधाऱ्या रात्री आग्या माशा माणसामागे लागत नाहीत, म्हणून ही माणसं चांदण्यात कधी हात घालत नाहीत. पण भूमिपूजनाची पत्रिका छापून झाली होती. सुपरवायझरला थांबायचं नव्हतं. त्यानं या मजुराला विचारलं, "तुझ्याकडे पंप आहे ना? कपाशीवर मारता ते मारून टाक, सगळ्या मरतील."

"आमाले बी तसंच वाटलं साहेब. अळी मरते, मावा मरते, मंग माशी काहून नाई मरनार?"

रविवारी कचेरी बंद. उन्हं उतरताना सुपरवायझरनं गच्ची उघडून दिली. हा कठड्यावरून वाकून फवारत राहिला. तोंडाला साधा रुमालही नव्हता, आणि वारा उलटा. अर्ध्या माशा मेल्या, अर्ध्या उठून गेल्या. दोघांना वाटलं, काम झालं. हा घरी जाऊन ओकाऱ्या करू लागला. उठून गेलेल्या माशा सकाळी परत आल्या, विष लागलेल्या पोळ्याभोवती घोंगावत राहिल्या, आणि नेमके तेव्हा खाली ताशे वाजले.

"दवाखान्यात काय सांगायचं ते कोणी शिकवलं?"

"त्याईनंच. फोन केला होता."

सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं. मी अजून काहीच विचारलं नव्हतं, तेवढ्यात तो म्हणाला, "सर, रविवारी मी गावातच नव्हतो."

"रविवारचं मी कुठे विचारलं?"

तो खुर्चीत मागे सरकला. गच्चीची किल्ली त्याच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात मिळाली. दारावरचं कुलूप तोडलं होतं, पण कुलूप तर आमच्याकडेच होतं. टेबलावर ठेवून किल्ली फिरवली. फिरली. त्यानंतर तो हळू आवाजात म्हणाला, "मी कोणाला मारायला सांगितलं नव्हतं, सर. कार्यक्रम नीट पार पडावा एवढंच पाहिलं." हे त्याचं खरं होतं. पण नंतर त्यानं जे केलं ते फक्त चूक म्हणून सोडण्यासारखं नव्हतं. आपल्या हातून झालेलं दुसऱ्याच्या गळ्यात घालताना त्याचा आवाज एकदाही चढला नव्हता.

मी न्यायालयात अहवाल दिला आणि चहावाला सुटला. निष्काळजीपणा आणि खोटी फिर्याद यांबद्दल सुपरवायझरवर आरोप ठेवले, मजुराला साक्षीदार केलं. शिपाई महिनाभरानं घरी आला. त्याचा जबाब घ्यायला गेलो तर त्यानं आधी विचारलं, "ताडपत्रीवाला बरा हाय का?"

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पोलिसात लागलं की मोठ्यानं बोलणाऱ्याकडे आधी पाहायची सवय लागते, कारण धमकी ऐकू येते. सोय कधी ऐकू येत नाही. कोणाच्या तरी सोयीसाठी घाईत घेतलेला निर्णय हळू आवाजात घेतला जातो, मऊ शब्दांत सांगितला जातो, आणि त्याचा त्रास पोर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाला होतो. चहावाला ओरडला होता ते त्याचा कोपरा जात होता म्हणून. त्याचं ओरडणं मी पुरावा म्हणून लिहून घेतलं. तेही बरोबरच होतं. पण पुरावा तिथे संपत नव्हता. मेलेल्या मुंग्यांकडे पाहणं हेही ठाणेदाराचंच काम.

कचेरीचं काम पुढे झालं. नवी विंग उभी राहिली. जुन्या खांबांना नवं काँक्रीट चढलं. पट्ट्या काढून तिथे काच लावायचा बेत होता म्हणे, पण तो रद्द झाला. त्यात त्या पंचनाम्याचा काही वाटा असेल असं मी म्हणत नाही, पण मला बरं वाटलं. पोर्चचा कोपरा मात्र लिफ्टनं घेतलाच. चहावाल्याला गेटाबाहेर कडुलिंबाखाली जागा मिळाली. शिपाई निवृत्त झाला तरी रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. नव्या विंगच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ परत लागलं होतं. यंदा कोणी पंप काढला नाही. अंधारी येईपर्यंत सगळी कचेरी मान खाली घालून दुसऱ्या दारानं ये-जा करत होती.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. कडुलिंबाखाली बसलो. चहावाल्यानं कप पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्यावर माहा राग नाई. कोठडीत जेवन बी बरं होतं. पन माही गुलेल?"

खरंच की. गुलेल मुद्देमालात होती, आणि खटला चालू असेपर्यंत मुद्देमाल सुटत नाही.

"ते लालतोंडं आता पुडे नेत नाई साहेब. बरनी नेते."

मी वकिलाकडून त्याचा अर्ज करवून घेतला. न्यायालयानं गुलेल सुपूर्तनाम्यावर देण्याचा हुकूम केला. म्हणजे वस्तू मालकाला मिळते, पण बोलावलं की जशीच्या तशी हजर करावी लागते. ठाण्यातून ती मीच आणली आणि टपरीवर त्याच्या हातात ठेवली. लेबल, सील, सगळं जागेवर.

"हे पाहा," मी बजावलं, "लेबल काढायचं नाही, सील तोडायचं नाही, आणि हिनं दगडही मारायचा नाही. कोर्टाची वस्तू आहे."

त्यानं गुलेल कडुलिंबाच्या खिळ्याला अडकवली, लेबल बाहेरच्या बाजूला येईल अशी वळवली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"मारत नाई साहेब," तो म्हणाला. "माकडाईले फक्त दाखवतो."